सूक्ष्म अर्थशास्त्राचा पेपर: काय बदलले आणि काय स्थिर धरले

खानापूर तालुक्यातील एका विद्यार्थिनीचा प्रश्न असा आहे. दहावीपर्यंत तिचे शिक्षण मराठी माध्यमात झाले, पीयूसीला (अकरावी-बारावीला) कला शाखा घेतल्यामुळे गणित तिथेच सुटले, बीएला अर्थशास्त्रात गुण चांगले मिळाले आणि आता बेळगावात एमएच्या पहिल्या सत्रात सूक्ष्म अर्थशास्त्राचा पेपर आहे. वर्गात शिकवलेले समजते, आकृत्याही पाठ आहेत. पण उदाहरण सोडवायला बसले की पहिल्या ओळीच्या पुढे सरकता येत नाही. गणित किती करावे, कोणत्या क्रमाने वाचावे आणि नेमलेल्या इंग्रजी पुस्तकाला कसे भिडावे, असे तिने विचारले आहे.

हा पेपर मी बेळगावात बरीच वर्षे शिकवला आहे, आणि निपाणी, चिकोडी, खानापूरकडून येणाऱ्या मुलामुलींची अडचण बहुधा हीच असते. त्यांना वाटते की गणित कच्चे आहे. ते थोडे कच्चे असतेही, पण गाडे अडते ते दुसऱ्याच ठिकाणी. बीएच्या पातळीवर वक्र कसा दिसतो हे सांगितले की काम भागते. या पातळीवर तो वक्र काढताना कोणकोणत्या गोष्टी मुद्दाम जागच्या जागी धरून ठेवल्या आहेत, हे सांगावे लागते. मागणी वक्रावर उत्पन्न स्थिर असते, अल्पकालीन खर्चात यंत्रसामग्री स्थिर असते, दोन स्पर्धक उत्पादकांच्या कूर्नो यांच्या प्रतिमानात (मॉडेलमध्ये) प्रतिस्पर्ध्याचे उत्पादन स्थिर मानले जाते, तर बर्ट्रांड यांच्या प्रतिमानात त्याची किंमत. संपूर्ण पेपरभर हा एकच प्रश्न वेगवेगळ्या वेषांत येत राहतो. म्हणून कोणतेही उदाहरण हाती घेतल्यावर समीकरणाआधी वहीत तीन गोष्टी लिहाव्यात: निवड कोण करतो आहे, त्याच्या हातात काय आहे, आणि काय स्थिर धरले आहे. पहिली ओळ अडते ती या तीन गोष्टी मनात ठरलेल्या नसतात म्हणून.

एक उदाहरण शेवटपर्यंत सोडवून दाखवतो. एका कुटुंबाचा महिन्याचा धान्यखर्च २४०० रुपये आहे. ज्वारी ४० रुपये किलो, तांदूळ ६० रुपये किलो. उपयोगिता, म्हणजे धान्यातून मिळणारे समाधान, हे ज्वारीचे किलो गुणिले तांदळाचे किलो, असे सोयीसाठी धरू. या फलनात निम्मे पैसे एका वस्तूवर आणि निम्मे दुसरीवर जातात, हे स्वतः सोडवून पाहावे. तेव्हा कुटुंब ३० किलो ज्वारी आणि २० किलो तांदूळ घेते, उपयोगिता ६००. आता ज्वारी ६० रुपये झाली. ज्वारीची खरेदी २० किलोवर येते, तांदूळ २० किलोच राहतो. मागणी १० किलोने घटली, इथपर्यंत सगळे पोहोचतात. पुढचा प्रश्न असा की, यातली किती घट ज्वारी तांदळाच्या मानाने महाग झाली म्हणून आणि किती घट कुटुंबाची क्रयशक्ती कमी झाली म्हणून?

अर्थशास्त्रज्ञ स्लुट्स्की यांची रीत अशी: कुटुंबाला जुनीच खरेदी पुन्हा करता यावी एवढे पैसे वाढवून द्या. ३० किलोवर किलोमागे २० रुपये, म्हणजे ६०० रुपये. आता ३००० रुपयांत कुटुंब २५ किलो ज्वारी आणि २५ किलो तांदूळ घेईल. म्हणजे ३० वरून २५ हा पर्यायता परिणाम, आणि दिलेले ६०० रुपये काढून घेतल्यावर २५ वरून २० हा उत्पन्न परिणाम. पण इथे थांबून २५ गुणिले २५ करून पाहा. ते ६२५ येते. कुटुंब आधीपेक्षा अधिक समाधानी झाले, म्हणजे भरपाई थोडी जास्तच दिली गेली. दुसरे अर्थशास्त्रज्ञ हिक्स यांची रीत जुनी खरेदी स्थिर न धरता जुनी उपयोगिता स्थिर धरते. दोन्ही किमती आता ६० असल्यामुळे दोन्ही धान्ये सारखीच घेतली जातील आणि त्यांचा गुणाकार ६०० हवा. म्हणून प्रत्येकी सुमारे २४.५ किलो. त्याला सुमारे २९३९ रुपये लागतात. भरपाई ६०० ऐवजी ५३९ आणि पर्यायता परिणाम ५ ऐवजी साडेपाच किलो.

दोन्ही उत्तरे बरोबर आहेत, कारण दोघांनी स्थिर धरलेली गोष्ट वेगळी आहे. किमतीतला बदल अगदी लहान असेल तर दोन रीतींतला फरक उरत नाही. म्हणूनच पुस्तकात दोन्हींचे समीकरण एकच दिसते आणि मुले गोंधळतात. स्लुट्स्की यांचा लेख १९१५ साली एका इटालियन नियतकालिकात छापला गेला आणि बरीच वर्षे दुर्लक्षित राहिला. १९३४ मध्ये हिक्स आणि ॲलन यांनी स्वतंत्रपणे त्याच वाटेने जाऊन हा विषय पुन्हा मांडला. हे सगळे केवळ परीक्षेपुरते आहे असेही नाही. ठरावीक जिनसांची जुनी यादी घेऊन तिचा आजचा खर्च मोजणाऱ्या निर्देशांकावर महागाई भत्ता ठरतो, तेव्हा तो हिशेब स्लुट्स्की यांच्या पद्धतीचाच असतो, आणि वरच्या ६१ रुपयांचा फरक तिथेही लपलेला असतो.

बंधन असलेल्या उदाहरणांत λ या अक्षराने लिहिल्या जाणाऱ्या लाग्रांज गुणकाचा अर्थही याच उदाहरणात हाती लागतो. ज्वारीची सीमांत उपयोगिता (आणखी एका किलोने पडणारी भर) २० भागिले किंमत ४०, म्हणजे ०.५, तांदळाची ३० भागिले ६०, तीही ०.५. हाच तो गुणक. २४०० ऐवजी २४०१ रुपये घेऊन गणित पुन्हा करा, उपयोगिता ६०० वरून जवळजवळ ६००.५ होते. म्हणजे शेवटच्या रुपयाने उपयोगितेत घातलेली भर, एवढाच या अक्षराचा अर्थ. मात्र उपयोगितेचा वर्ग करून तेच उदाहरण सोडवले तर ज्वारी आणि तांदळाचे आकडे तसेच राहतात आणि गुणक बदलतो. उपयोगिता ही क्रमवाचक आहे, म्हणजे ती पसंतीचा फक्त क्रम सांगते, हे वाक्य पाठ असलेल्या दहा जणांपैकी नऊ जणांनी हे कधी करून पाहिलेले नसते. ते करून पाहिले की त्या वाक्याला काहीतरी वजन येते.

आता गणिताबद्दल. पीयूसी विज्ञान शाखेच्या पुस्तकातले विकलनाचे (डिफरन्सिएशनचे) प्रकरण कोणाकडून तरी घ्या. त्यातले घातांक, गुणाकार आणि लॉगरिदम यांचे नियम तेवढे हवेत, त्रिकोणमिती सोडून द्या. त्यानंतर आंशिक विकलन, म्हणजे एक चल बदलताना दुसरे स्थिर धरणे, आणि शेवटी बंधन असलेले महत्तमीकरण, म्हणजे ठरलेल्या मर्यादेत सर्वांत मोठे मूल्य काढणे. दोन अज्ञातांची दोन समीकरणे हात न थबकता सुटली पाहिजेत. खरे अडखळणे तिथेच होते आणि दोष कलनाला दिला जातो. संकलन (इंटिग्रेशन) ग्राहकाच्या आधिक्यापुरते, म्हणजे ग्राहक द्यायला तयार असलेली आणि प्रत्यक्ष दिलेली किंमत यांतल्या फरकापुरते, लागते, आणि ते क्षेत्रफळ त्रिकोणाने काढता येईल असेच बहुतेक प्रश्न असतात.

वाचनाचा क्रम पुस्तकाचाच ठेवा, पण वेळ समान वाटू नका. अंदाजपत्रक रेषेपासून (ठरावीक पैशांत काय काय घेता येते ते दाखवणाऱ्या रेषेपासून) स्लुट्स्कीपर्यंतच्या भागाला सत्राचा जवळजवळ अर्धा वेळ दिला तरी तो वाया जात नाही, कारण उत्पादकाचे खर्च-न्यूनतमीकरण हे बीजगणित म्हणून तेच आहे. फक्त उपयोगितेच्या जागी उत्पादन स्थिर धरायचे. एक फरक मात्र ध्यानात ठेवावा. नफा वाढवू पाहणाऱ्या उत्पादनसंस्थेला ग्राहकासारखे ठरावीक उत्पन्न नसते, म्हणून तिच्या घटकमागणीत उत्पन्न परिणाम नसतो आणि घटकाची किंमत वाढली असता त्याची मागणी वाढली, असे घडत नाही. गिफेन वस्तू, म्हणजे किंमत वाढली असता जिची मागणी वाढते अशी वस्तू, ग्राहकाच्याच बाजूला सापडू शकते. तिच्याविषयी लिहिताना आयर्लंडच्या दुष्काळातील बटाट्यांचे उदाहरण सिद्ध झाल्यासारखे देऊ नका, त्याला पुरावा फार तोकडा आहे. जेन्सन आणि मिलर यांचा २००८ साली प्रसिद्ध झालेला चीनच्या हुनान प्रांतातील गरीब कुटुंबांचा अभ्यास अधिक भक्कम आहे. तिथे तांदळावर सवलत दिल्यावर या कुटुंबांचे तांदूळ खाणे घटल्याचे आढळले.

लवचिकतेच्या, म्हणजे भाव बदलला की मागणी किती बदलते याच्या, प्रकरणात आपल्या भागासारखे उदाहरण दुसरीकडे मिळणे कठीण. पेट्रोल वस्तू व सेवा कराच्या बाहेर असल्यामुळे प्रत्येक राज्य आपापला कर लावते, आणि अलीकडच्या वर्षांत ते बहुतेक वेळा महाराष्ट्रापेक्षा कर्नाटकात स्वस्त राहिले आहे. त्यामुळे महाराष्ट्रातले कागल ओलांडून आलेली गाडी कर्नाटकातल्या कोगनोळी-निपाणीच्या बाजूला टाकी भरून घेते. समजा, कर्नाटकाने कर वाढवून भाव महाराष्ट्राइतका केला. निपाणीच्या पंपाचा खप झपाट्याने उतरेल. त्याच जिल्ह्यात सौंदत्तीच्या पंपावर फारसा फरक पडणार नाही, कारण तिथल्या माणसाला सीमा जवळ नाही आणि गाडी तर चालवायचीच आहे. वस्तू एक, जिल्हा एक, लवचिकता दोन. आणि दोन्ही राज्यांनी एकाच दिवशी सारखा कर वाढवला, तर निपाणीचीही लवचिकता सौंदत्तीसारखी कमी होईल. पहिल्या प्रसंगात पलीकडचा भाव स्थिर होता, दुसऱ्यात नव्हता. ‘पेट्रोलची मागणी अलवचिक असते’ असे एका दमात लिहिणाऱ्या उत्तरपत्रिकेला म्हणूनच पूर्ण गुण मिळत नाहीत.

खर्चाच्या प्रकरणात आकृती गिरवण्यापेक्षा एखाद्या मागावाल्याशी बोलावे. वडगाव-शहापूर भागात यंत्रमाग घरोघरी आहेत. आकडे कल्पित घेऊ: साडी ५०० रुपयांना जाते, सूत, वीज आणि कामगाराची मजुरी मिळून ४२० रुपये, मागाच्या कर्जाचा हप्ता साडीमागे १३० रुपये पडतो. एकूण ५५०, म्हणजे ५० रुपये तोटा. तरी माग चालू ठेवणेच बरे, कारण तो बंद केला तरी हप्ता चुकत नाही आणि तोटा १३० होतो. एवढे बीएलाही शिकवतात. पण त्या ४२० मध्ये घरच्या माणसांच्या कष्टांचा हिशेब आहे का, हे विचारा. मालक स्वतः मागावर उभा राहतो, त्याची पत्नी कांड्या भरते, आणि हाच माणूस उद्यमबागेतल्या कारखान्यात गेला असता तर मजुरी मिळाली असती. ती सोडलेली मजुरी साडीमागे १०० रुपये धरली तर बदलता खर्च ५२० होतो आणि उत्तर उलटते: माग बंद करावा. मात्र घरातल्या वयस्क माणसाला बाहेर कोणी कामच देणार नसेल, तर त्याच्या वेळेचा संधीखर्च शून्याजवळ येतो आणि माग चालू राहतो. दोन शेजारी घरांत सारखाच माग, सारखाच भाव, आणि निर्णय वेगळे. पुस्तकातला सरासरी बदलत्या खर्चाचा वक्र दोघांसाठी एक नसतो.

मक्तेदारी सगळे वाचतात, खरेदीदाराची मक्तेदारी मात्र दोन पानांत उरकतात. आपल्या जिल्ह्याने ती उलट सावकाश वाचावी. तोडलेल्या उसाचे वजन आणि उतारा वेळ जाईल तसा घटतो, म्हणून शेतकऱ्याला लांबचा कारखाना परवडत नाही आणि जवळच्या कारखान्याच्या हाती भावाची ताकद येते. असा एकटा खरेदीदार एक टन जास्त घेताना सगळ्याच टनांचा भाव वाढवतो, म्हणून त्याचा सीमांत खर्च पुरवठा वक्राच्या वर असतो आणि तो खरेदीच आखडती ठेवतो. इथे किमान भाव बांधून दिला तर, एका मर्यादेपर्यंत, भाव आणि खरेदी दोन्ही वाढतात. स्पर्धेच्या बाजारातला ‘किमान भावाने माल पडून राहतो’ हा निष्कर्ष इथे लागू पडत नाही. केंद्र सरकार २००९ पासून उसाची रास्त व किफायतशीर किंमत जाहीर करते, तिच्यावर उत्तर लिहिताना हा फरक यायला हवा. त्यात दोन बारकावे घालावेत. चालू हंगामात ऊस शेतात उभाच असतो, म्हणजे क्षेत्र स्थिर असते. त्यामुळे भावाचा परिणाम दिसतो तो पुढच्या लागणीत. आणि सीमेवरच्या शेतकऱ्याला दोन्हीकडचे कारखाने जवळ असतील, तर खरेदीदाराची ताकद आपोआप कमी होते. शरद जोशींच्या नेतृत्वाखालील १९८१ चे निपाणीचे तंबाखू आंदोलनही मूठभर खरेदीदार आणि असंख्य विक्रेते या चौकटीत वाचून पाहण्यासारखे आहे.

अल्पाधिकारात, म्हणजे मोजक्याच विक्रेत्यांच्या बाजारात, विद्यार्थी प्रतिमानांची नावे आणि साले लिहितात, कूर्नो १८३८, बर्ट्रांड १८८३, आणि दोघांच्या उत्तरांत एवढी तफावत का हे सोडून देतात. किंमत म्हणजे १०० वजा एकूण उत्पादन आणि नगामागे खर्च १०, असे दोन उत्पादक घ्या. एकटा असता तर त्याने ४५ नग काढून ५५ ला विकले असते. कूर्नोप्रमाणे प्रत्येकी ३० नग आणि किंमत ४०. बर्ट्रांडप्रमाणे किंमत थेट १० वर येते आणि ९० नग खपतात. बाजार तोच, खर्च तोच. खानापूरकडच्या दोन वीटभट्ट्यांचा विचार करा: भट्टी आधी लागते, विटा पडतात, मग जो भाव येईल तो घ्यावा लागतो, दुसऱ्याच्या विटा किती हे गृहीत धरूनच आपल्या विटा ठरतात. याउलट, बेळगाव-पुणे रात्रीच्या खासगी बसचे भाडे समोरच्याचे भाडे पाहून तासाभरात बदलता येते, आणि दोघांकडेही जागा रिकाम्या असतील तर कोणाचेच भाडे फार वर टिकत नाही. दिवाळीच्या आठवड्यात दोन्ही बस भरलेल्या असतात तेव्हा बर्ट्रांडचा निष्कर्ष कोलमडतो, कारण भाडे उतरवले तरी जास्त प्रवासी घ्यायला जागाच नसते.

सर्व बाजारांचा एकत्र विचार करणाऱ्या सर्वसाधारण समतोलासाठी एजवर्थ पेटी (दोन ग्राहकांत दोन वस्तूंची वाटणी दाखवणारी आकृती) स्वच्छ काढता आली आणि दोन ग्राहक-दोन वस्तूंचे एक उदाहरण सापेक्ष किमतीपर्यंत सोडवता आले, की पहिल्या सत्रापुरते पुरे. आतापर्यंत स्थिर धरलेल्या इतर सगळ्या किमती इथे मोकळ्या सोडल्या जातात, एवढे सांगता आले पाहिजे.

इंग्रजी पुस्तकाचे म्हणाल तर, प्रकरण वाचण्याआधी त्याच्या शेवटची उदाहरणे वाचा आणि मग ती सुटण्यापुरते प्रकरण वाचत मागे या. प्रत्येक समीकरणाखाली त्याचा अर्थ एका पूर्ण मराठी वाक्यात लिहा. वाक्य तुटले तर समीकरण समजलेले नाही. उत्तर इंग्रजीत लिहायचे असेल तर शेवटच्या महिन्यात तीच वाक्ये इंग्रजीत लिहायला लागा, आधी नको. आकृतीच्या दोन्ही अक्षांना नावे द्या आणि ‘काय स्थिर’ ते आकृतीखाली लिहा. तपासणाऱ्याचे लक्ष तिथे जातेच. वर्गात कन्नड माध्यमातून आलेल्या मुलांबरोबर उदाहरणे सोडवायला बसा. दोघांचीही इंग्रजी अडखळत असली तरी कागदावरचे बीजगणित एकच असते आणि दुसऱ्याला पटवून देताना आपल्या गृहीतकांतली फट दिसते.

माहितीच्या असमानतेचे प्रकरण पुढच्या सत्रात आहे, ते सुट्टीत सुरू करावे का, असेही विचारले आहे. जरूर करावे, पण एकाच उदाहरणापासून. अकेरलॉफ यांनी १९७० च्या लेखात जुन्या मोटारींचा बाजार घेतला होता. आपण म्हशींचा घेऊ. म्हशीची खरी किंमत विकणाऱ्याला माहीत आहे आणि ती शून्य ते एक लाखाच्या दरम्यान कोठेही सारख्याच शक्यतेने असू शकते. घेणाऱ्याला तीच म्हैस दीडपट मोलाची आहे, पण तिचा दर्जा त्याला कळत नाही. बाजारात ६० हजार भाव चालू असेल तर ६० हजारांच्या आतल्याच म्हशी विक्रीला येतील. त्यांची सरासरी ३० हजार, घेणाऱ्याच्या लेखी ४५ हजार. तो ६० देणार नाही. भाव ४५ वर आला की सरासरी साडेबावीस, त्याच्या लेखी पावणेचौतीस. असे करत बाजार शून्यावर येतो, जरी प्रत्येक म्हैस घेणाऱ्याला विकणाऱ्यापेक्षा अधिक मोलाची असली तरी. नेहमीच्या मागणी वक्रावर वस्तूचा दर्जा स्थिर असतो. इथे भाव उतरला की दर्जाही उतरतो. प्रत्यक्षात जनावरांचा बाजार भरतो तो का, याचे उत्तर मग स्वतः मांडून पाहा: विकणारा आदल्या वेळचे दूध न काढता कास भरलेली दाखवतो आणि घेणारा दोन-तीन धारा आपल्यासमोर काढल्याशिवाय पैसे मोजत नाही. त्या धारा काढण्याचा खर्च कोणावर पडतो आणि चांगल्या म्हशीच्या मालकाला तो का परवडतो, हे गणितात घातले की याच विषयावरचे स्पेन्स आणि स्टिग्लिट्झ या अर्थशास्त्रज्ञांचे भाग वाचायला घ्या.